मुंबई इलाख्यांतील देवी काढणारे व त्यांचें शिक्षण : विशेषतः नाशिक जिल्ह्याच्या संबंधानें

मराठींत एखाद्या मुलास ‘देवी आल्या’ म्हणजे त्यास रोग झाला, आणि त्याच्या ‘देवी काढल्या’ म्हणजे त्या रोगापासून त्याचें रक्षण केलें. रोग, त्याची अधिष्ठात्री देवता आणि त्यावरील प्रतिबंधक क्रिया या तिहींस एकच शब्द पुरावा ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांस कौतुकाची वाटेल. परंतु नाशिक प्रांतीं खेड्यापाड्यांतून ज्या माणसांनीं ही क्रिया पिढ्यान्‌पिढ्या केली, त्यांच्या धंद्याची सारी अडचण या एका शब्दांत सांठविलेली आहे. ज्या देवीपुढें आई हात जोडून बसावयाची, तिच्याच नांवानें हा परका मनुष्य मुलाच्या दंडावर हत्यार चालविणार. आणि त्याचा हात चुकला तर दोष त्याला, सरकारला आणि देवीच्या कोपाला असा तिहेरी लागणार.

देवीच्या टोचणीविषयीं आजवर जें लिहिलें गेलें त्यांत लस कोठून आली आणि कायदा केव्हां झाला या दोन प्रश्नांचा परामर्श बराच घेतलेला आढळतो. टोचणारा कोण होता, तो शिकला कसा, आणि त्याच्या हातून अपाय होऊं नये म्हणून त्यास काय शिकविलें जाई, हा तिसरा प्रश्न मात्र मागें पडला. आमच्या मतें टोचणीचा निर्धोकपणा लशीइतकाच, कांहीं काळीं तर लशीहूनही अधिक, या हातावर अवलंबून होता. तेव्हां प्रस्तुत लेखांत या हाताचाच मागोवा घ्यावयाचा आहे.

जेन्नरचा निबंध १७९८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यानंतर समुद्रमार्गें हिंदुस्थानांत लस आणण्याचे प्रयत्न फसले, कारण लांबच्या प्रवासांत ती निर्जीव होई. अखेर व्हिएन्ना येथील डॉ. द कारो यानें ती खुष्कीच्या वाटेनें कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा अशा टप्प्यांनीं पुढें सरकविली व बसऱ्याहून ती मुंबईस पोंचली. १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस टोचण्यांत आलें. त्या वेळीं टोचलेल्या मुलांपैकीं हिच्या एकटीच्याच हातावर फोड नीट उठला, आणि तिच्या दंडावरची लस पुढें पुणें, सुरत, हैदराबाद, मद्रास व सिलोन येथवर गेली. डॉ. जॉर्ज कीर यानें या प्रकरणाची हकीकत दुसऱ्याच सालीं मुंबईंत छापून काढली. याच १८०२ सालीं ऑक्टोबरांत यशवंतराव होळकरानें हडपसरावर पेशव्यांच्या फौजेचा मोड केला व डिसेंबरअखेर वसईचा तह झाला. त्या लढाईचे व तहाचे कागद आम्हीं किती आस्थेनें छापले! त्या मुलीच्या दंडावरील फोडाची मात्र आमच्या इतिहासग्रंथांत नोंद नाहीं. वास्तविक त्या फोडानें वांचविलेल्या माणसांची संख्या त्या लढाईंत पडलेल्यांहून किती पटींनीं मोठी भरेल, याचा हिशेब वाचकांनींच करावा.

हातावरून हातावर लस नेण्याची ही रीति वाचावयास सोपी, पण करावयास फार नाजूक. टोचल्यावर तिसऱ्या-चवथ्या दिवशीं ती जागा तांबूस होऊन फुगते. पुढें तिचा पाण्यानें भरलेला, मध्यें खोलगट असा फोड होतो. आठव्या दिवसाच्या सुमारास तो भरास येतो. त्याच वेळीं त्यांतील स्वच्छ लस घ्यावयाची. दिवस टळला कीं लस घट्ट व पिवळी होते, तिचें तेज जातें व तींत पू मिसळतो. फोड उघडतांना लॅन्सेट जरा खोल गेलें तर रक्त येतें, आणि रक्तमिश्रित लशीबरोबर एका मुलाचा रोग दुसऱ्याच्या अंगांत जाण्याचें भय असतें. हें भय काल्पनिक नव्हे. १८६१ सालीं इटलींतील रिव्हाल्टा गांवीं एका मुलापासून निघालेल्या लशीनें चाळिसांहून अधिक मुलांस उपदंशाची बाधा झाली. म्हणून ज्या मुलाची लस घ्यावयाची तें निरोगी आहे कीं नाहीं, त्याच्या अंगावर चट्टे अगर खरूज आहे काय, हें पाहण्याची दृष्टि टोचणाऱ्यास हवी. आणि ही परीक्षा त्यानें करावयाची ती कोठें? ओसरीवर किंवा चावडीपुढें, मूल रडत असतां, आई मूल मागें ओढीत असतां, भोवतीं बघे जमलेले असतां.

असलें ज्ञान पोथींतून येत नाहीं. आठव्या दिवसाचा फोड कसा दिसतो हें नवशिक्यास प्रत्यक्ष मुलाच्या दंडावर दाखवावें लागतें. नुसत्या चामडीच्या पापुद्र्याखालीं हत्यार कसें सरकवावें हें जाणत्याच्या हाताखालीं बसूनच कळतें. वैद्याच्या घरीं नाडीपरीक्षा किंवा कारकुनाच्या पायाशीं मोडी वळण जसें शिकावें, तशीच ही उमेदवारी. लस एका हातावरून दुसऱ्या हातावर जाई आणि विद्याही तशीच जाई. दोहोंची साखळी कोठें तुटली कीं त्या टापूचें काम बंद.

येथें एका शब्दाकडे लक्ष वेधणें अवश्य वाटतें. जखमेंतून किंवा फोडांतून झिरपणाऱ्या पाण्यास मराठींत ‘लस’ म्हणतात. आज कारखान्यांतून सीलबंद कुपींत येणाऱ्या, फोडाशीं ज्याचा कांहीं एक संबंध राहिला नाहीं अशा द्रव्यासही आपण लसच म्हणतों. इंग्रजी व्हॅक्सिन या शब्दांत गाईची आठवण आहे, कारण त्याचें मूळ लॅटिनांतील गोवाचक शब्दांत आहे. मराठीनें मात्र मुलाच्या दंडावरील फोडाची आठवण राखली. जुनीं नाणीं मातींत सांपडतात तशा जुन्या रीति शब्दांत सांपडतात.

स्पेनच्या बालमिसनें १८०३ सालीं अटलांटिकपार लस नेली ती बावीस अनाथ मुलांच्या हातांवरून, दोघांदोघांस क्रमानें टोचीत. देवी काढणाऱ्यास हीच युक्ति गांवोगांव लहान प्रमाणावर करावी लागे. टोचलेलें मूल आईसह पुढच्या गांवीं न्यावयाचें व आईच्या हातीं कांहीं द्रव्य ठेवावयाचें. ज्या घरच्या बायका पैशाकरितां असें मूल देण्यास राजी होत तीं घरें बहुधा गरिबांचीं. आणि पुढच्या गांवीं वरिष्ठ जातीचे लोक पहिला प्रश्न टाकीत तो ‘हें मूल कोणाचें?’ असा. लशीच्या शुद्धतेची शंका त्यांस नव्हती, जातीच्या शुद्धतेची होती. खरी परीक्षा ज्या गोष्टीची करावयाची ती टोचणाऱ्यानें एकट्यानें, मुकाट्यानें करावी, आणि उत्तर द्यावें भलत्याच प्रश्नाचें, अशी ही स्थिति होती. त्यांत देशावर उन्हाळ्यांत लस टिकत नसल्यामुळें सारें काम मुख्यतः थंडीच्या महिन्यांत उरकावें लागे.

लोकांचें मन वळविण्याकरितां या काळांत एक चमत्कारिक उपाय योजला गेला, व तो हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं विशेष ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. १८१९ सालीं मद्रासच्या एका वर्तमानपत्रांत असें पत्र आलें कीं, धन्वंतरीच्या म्हणून मानलेल्या एका ‘शाक्तेय’ ग्रंथांत गाईच्या आंचळावरील फोडाचें पाणी घेऊन टोचण्याची क्रिया स्पष्ट सांगितलेली आहे. ही गोष्ट युरोपांत पसरली, ग्रंथांतरीं उद्धृत झाली व पुढें आमच्याकडील अभिमानी लेखकांनीं मोठ्या आनंदानें उचलली. मद्रासेचे एलिस साहेब संस्कृताचे चांगले जाणते होते. त्यांनींच लोकांच्या समजुतीकरितां टोचणीवर संस्कृत श्लोक रचले व ते प्राचीन म्हणून पुढें केले, अशी हकीकत त्या काळींच नमूद झालेली आहे. डॉमिनिक वुयास्टिक यांनीं १९८७ सालीं या साऱ्या प्रकरणाची छाननी करून ही एक सद्धेतूनें केलेली लबाडी होय असें दाखविलें. हेतु चांगला असला म्हणून बनावट कागद खरा होत नाहीं. आणि अशा श्लोकांनीं एकाही मुलाचा हात पुढें झाला असेल असें आम्हांस वाटत नाहीं. हात पुढें होई तो मागील हंगामांत शेजारच्या गांवांत टोचलेलीं मुलें सांथींत वांचलीं हें डोळ्यांनीं पाहिल्यावर.

मुंबई इलाख्यांत या कामास पद्धतशीर रूप आलें तें १८२७ पासून. त्या योजनेस पुढें ‘मुंबईची पद्धति’ असेंच नांव पडलें. इलाख्याचे विभाग पाडून प्रत्येकावर एक युरोपियन डॉक्टर सुपरिंटेंडेंट नेमला. त्याच्या हाताखालीं एतद्देशीय टोचणारे, व प्रत्येकास फिरतीचीं गांवें वांटून दिलेलीं. या पद्धतीचें मर्म फिरत्या तपासणींत होतें. टोचणाऱ्यानें वहींत मुलाचें नांव, गांव व परिणाम लिहावयाचा. सुपरिंटेंडेंटानें मागाहून गांवांत जाऊन दंड पाहावयाचे व वहीशीं ताडावयाचे. म्हणजे वही हा एक लेख आणि दंडावरचा वण हा दुसरा. दोहोंचा मेळ बसला तर काम खरें. शिलालेख व ताम्रपट ताडून पाहणाऱ्या वाचकांस ही रीति ओळखीची वाटेल. पण या तपासणींत एक उणेपणा होता, तो असा कीं वण मोजला जाई. हत्यार स्वच्छ होतें कीं नाहीं हें वणावरून कळत नाहीं. जंतुशास्त्र अजून जन्मावयाचें होतें, तेव्हां त्या काळच्या अधिकाऱ्यांस त्याबद्दल दोष देणें अन्यायाचें होईल.

नाशिकसंबंधीं शोध करणारानें एक गोष्ट आधीं लक्षांत घ्यावी. नाशिकचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १८६९ सालीं. तत्पूर्वींचा बराच मुलूख अहमदनगरकडे व मालेगांव-बागलाणाकडील भाग खानदेशांत मोडे. तेव्हां पहिल्या चाळीस वर्षांच्या टोचणीचे कागद नाशिकच्या दफ्तरांत शोधून हात हालवीत परत येण्यांत अर्थ नाहीं; ते नगर व खानदेश या नांवांखालीं पाहिले पाहिजेत. सुरगाण्याचें संस्थान तर १९४८ पर्यंत इंग्रजी हद्दीबाहेरच होतें. हद्दीवरच्या डोंगरी पाड्यांतून सोयरीक, बाजार व सांथ या तिन्ही गोष्टी सारख्याच ये-जा करीत. कायदा मात्र हद्दीशीं थबके. जिल्ह्याचें गॅझेटियर १८८३ सालीं निघालें. गॅझेटियरांतून टोचलेल्यांचे आंकडे मिळतात, पण टोचणाऱ्याचें नांव मिळत नाहीं. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून घराण्यांच्या पिढ्या लागतात व ‘अमुक पुत्र’ नंतरच्या नोंदींत गळलेला दिसतो. तो कशानें गेला हें वही सांगत नाहीं. हे दोन्ही मुके साक्षीदार एकत्र आणणारा अभ्यासक पुढें यावयास हवा.

हातावरून लस नेण्यांतील दोष टाळण्याचा मार्ग म्हणजे वासरावर लस वाढविणें. या कामीं मुंबईंत पुढाकार घेणारांत डॉ. अनंत चंद्रोबा हे होत. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं निघालें व १८५१ सालीं त्याची पहिली तुकडी बाहेर पडली, तींत भाऊ दाजी व आत्माराम पांडुरंग यांच्याबरोबर हेही होते. भाऊ दाजींचें नांव या नियतकालिकाच्या वाचकांस शिलालेख व नाणीं यांच्या संबंधानें पूज्य आहे. त्यांचा हा सहाध्यायी मात्र विस्मृत झाला. वासराची लस आली तेव्हां ‘मूल कोणाचें?’ हा प्रश्न मिटला, उपदंशाचें भय गेलें व आईस दूर गांवीं नेण्याचा त्रासही वांचला. विसाव्या शतकांत बेळगांवच्या व्हॅक्सिन डेपोंतून इलाख्यास अशी लस पुरविली जाई. परंतु लस साठ्यांतून येऊं लागली म्हणून शिकवणुकीची गरज संपली नाहीं, ती बदलली. पूर्वीं मूल पारखावें लागे. आतां नळी थंड ठेवणें, ती ताजी आहे कीं शिळी हें पाहणें, व हत्यार दर मुलागणिक शुद्ध करणें आलें.

कायद्याविषयीं थोडक्यांत. मुंबई शहरापुरता १८७७ चा, म्युनिसिपालिट्या व छावण्या यांकरितां १८८० चा, व जिल्ह्यांकरितां १८९२ चा, असे हे तीन कायदे. नाशिकची म्युनिसिपालिटी १८६४ ची व देवळालीस छावणी, म्हणून या जिल्ह्यास दुसरा व तिसरा दोन्ही लागू पडण्याजोगे होते. १८८० च्या कायद्यानें खऱ्या देवीचा पू टोचण्याची जुनी चाल दंडनीय झाली, खाजगी टोचणाऱ्यास परवाना आवश्यक झाला, व टोचलेलें मूल ठरल्या दिवशीं पुन्हां दाखवून दाखला घेणें पालकावर बंधनकारक झालें. कायद्याचा भर दाखल्यावर होता. हत्याराच्या शुद्धतेचा धडा कायद्यानें दिला नाहीं. तो दिला एका घोर अपघातानें, आणि तोही देवीच्या नव्हे, प्लेगच्या लशीच्या संबंधांत.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस प्लेग उघडकीस आला. आगगाडीच्या वाटेनें तो घाटावर चढला. १८९९ सालीं नाशिकजवळ भगूर येथें वि. दा. सावरकरांचे वडील दामोदरपंत त्यानेंच वारले. हाफकिन हा रशियांतून आलेला ज्यू शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका लहानशा जागेंत लस तयार करण्यास बसला, व १० जानेवारी १८९७ रोजीं त्यानें ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगांतील कैद्यांस. १८९९ सालीं प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्यें गेली. आतांपर्यंत टोचणी म्हणजे कातडीवरचा ओरखडा. ही लस पिचकारीनें कातडीखालीं जाणार. ओरखड्याची चूक बहुतेक वेळां फोडावर भागते, पिचकारीची चूक आंत खोल जाते. हा फरक किती मोठा आहे हें समजण्यास सहा वर्षेंही लागलीं नाहींत.

पंजाबांत मुल्कोवाल नांवाचें खेडें आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं तेथें एकशें सात लोकांस प्लेगची लस टोचण्यांत आली. लस परळहून गेलेल्या पांच बाटल्यांतील होती. आठवडाभरानें त्यांपैकीं एकोणीस लोकांस धनुर्वात झाला व ते सर्व मेले. आणि ते एकोणीसही जण ५३-एन या एकाच बाटलींतील लस टोचलेले होते. सरकारनें चौकशीमंडळ नेमलें. त्या मंडळानें असा कौल दिला कीं बाटली उघडण्यापूर्वींच, अर्थात् परळासच, दूषित झाली असली पाहिजे. मोठी मागणी पुरी करण्याकरितां हाफकिननें कार्बोलिक घालण्याचें सोडून केवळ उष्णतेवर भिस्त ठेविली होती, ही गोष्ट त्याच्याविरुद्ध गेली. त्याचा अधिकार गेला.

परंतु साक्षींत एक बारीक गोष्ट होती. बाटलीचें बूच काढावयाचा चिमटा त्या दिवशीं मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. त्यानें तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यांत बुचकळला व त्यानेंच बूच काढलें. धनुर्वाताचे बीजकण मातींत असतात, आणि कार्बोलिकच्या क्षणभर स्पर्शानें ते मरत नाहींत. त्यांस ज्योत किंवा दीर्घ उकळी पाहिजे. शिवाय बाटली उघडतांना डॉक्टरनें तिचा वास घेतला होता व तींत दुर्गंधि नव्हती. त्या बाटलींत कित्येक दिवस धनुर्वाताचे जंतु वाढत असते तर ती आली असती, असें तज्ज्ञांचें म्हणणें पडलें. लंडनच्या लिस्टर संस्थेनेंही दोष बहुधा बाटली उघडतांनाच शिरला असा अभिप्राय दिला. १९०७ च्या जुलैंत रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं टाइम्स पत्रांत हाफकिनच्या बाजूनें पत्र लिहिलें, तेव्हां कोठें त्याच्यावरचा कलंक धुऊन निघाला. परळच्या संस्थेस त्याचें नांव मिळालें तें १९२५ सालीं.

हाफकिनला न्याय मिळाला याचा आनंद सर्वांस आहे. आम्हांस मात्र त्या मदतनिसाची गोष्ट सोडवत नाहीं. चिमटा पडला तर काय करावें, याचें त्याच्या मनांत उत्तर होतें. त्यानें हलगर्जीपणें तो धोतरास पुसला नाहीं, शिकविल्याप्रमाणें कार्बोलिकमध्यें बुचकळला. चूक त्याच्या शिकवणुकींत होती. कार्बोलिक मारतें एवढें त्यास सांगितलें. काय मारीत नाहीं तें सांगितलें नाहीं. एकोणीस माणसें या दोन वाक्यांमधल्या अंतरांत गेलीं. इतिहासकार मुल्कोवालचें प्रकरण लिहितांना प्रयोगशाळा कीं खेडें, हाफकिन कीं सरकार, असा वाद मांडतात. त्या वादांत शिकविणारा कोण होता हा प्रश्न कोणीच पुसत नाहीं.

पुढील काळांतील एक गोष्ट या जिल्ह्यांतील वृद्धांच्या अंगावर आजही वाचतां येते. त्यांच्या दंडावर वाटोळे, खोलगट, रुपयाच्या नाण्याएवढे वण दिसतात. आमच्या देशांत विसाव्या शतकाच्या मध्यावर दातेरी चकतीचें एक हत्यार वापरांत होतें. लशीचा थेंब ठेवून तें गरकन् फिरवीत. जोर अधिक झाला कीं जखम चिघळे, आणि शाळेंतील मुलें त्या हत्याराच्या नांवानें खिडकींतून उड्या टाकीत. १९६७ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें देवी-निर्मूलनाची मोहीम तीव्र केली. त्यानंतर कांहीं वर्षांतच त्या चकतीची जागा दुहेरी टोंकाच्या सुईनें घेतली. दोन टोंकांमध्यें लशीचा नेमका थेंब धरावयाचा व पंधरा वेळां झपाझप टोचावयाचें. ही कृति नवख्या माणसास दहा-पंधरा मिनिटांत शिकवितां येई. ज्या विद्येस पूर्वीं हंगामच्या हंगाम उमेदवारी लागे ती एका सुईच्या घडणींत उतरली. शिकवणूक सोपी करण्याचा खरा उपाय हत्यार सुधारणें हा होय, हें येथें स्पष्ट दिसतें. देशांतील अखेरची देवीची रोगी १९७५ च्या मे महिन्यांत आसामांत नोंदली गेली, व १९८० सालीं जग या रोगांतून मुक्त झाल्याचें जाहीर झालें.

नाशिक हें आज महाराष्ट्राच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचें ठिकाण आहे. तें १९९८ सालीं स्थापन झालें. परिचारिका व आरोग्यसेविका यांस हल्लीं जे नियम पाठ करविले जातात, त्यांत मुल्कोवालची छाया स्पष्ट आहे. एकदां वापरल्यावर आपोआप निकामी होणारी पिचकारी. सुई पुन्हां टोपणांत न घालणें. गोवराची कोरडी लस पाण्यांत कालविल्यावर चार तासांत न संपल्यास टाकून देणें. टोचलेल्यास अर्धा तास नजरेसमोर बसविणें. जमिनीवर पडलेलें साधन उचलून पुन्हां वापरण्याचा प्रश्नच आतां उद्भवत नाहीं. तें फेकावयाचें, दुसरें घ्यावयाचें. २०२१ च्या जानेवारींत करोनाची लसटोचणी सुरू होण्यापूर्वीं देशभर रंगीत तालीम झाली, तिच्यांत लस नव्हतीच. केवळ माणसांच्या हालचाली बसविल्या होत्या.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. जुन्या वाड्यांतील रुमाल सुटतात तेव्हां सनदा, पत्रें व कुंडल्या तेवढ्या निवडल्या जाऊन बाकीचा गठ्ठा रद्दीवाल्याकडे वजनावर जातो. त्या गठ्ठ्यांत ‘देवी काढल्याचा दाखला’ म्हणून हातभर न भरणारा छापील कागद असतो. रिकाम्या जागीं मुलाचें नांव, बापाचें नांव, गांव, तारीख व खालीं टोचणाऱ्याची सही. मुलाच्या नांवाकरितां घरच्यांनीं तो राखला असेल. आपण तो सहीकरितां राखावा. एकाच टापूंतील असे दहा-वीस दाखले तारखांच्या अनुक्रमानें लाविले, तर फिरतीचा मार्ग, हंगामाचे दिवस आणि एका सहीच्या जागीं दुसरी केव्हां आली हें दिसूं लागेल. घरच्या जमाखर्चांतही मुलाच्या जन्मानंतरच्या पहिल्या हिंवाळ्याचीं पानें पाहावीं.